पात्रांचे वर्णांतर व भावांतर

नाशिकात राहणाऱ्या मनुष्यास राम दोन रंगांत भेटतो. पंचवटीत पेशवाईतील सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविलेल्या देवालयात काळ्या पाषाणाचा काळाराम उभा आहे. आणि गोदेच्या काठी गोराराम आहे. पर्वणीस आलेला यात्रेकरू दोहोंसही सारख्याच भक्तीने हात जोडतो. या दोहोंपैकी खरा राम कोणता, असा प्रश्न आजवर कोणा शास्त्र्यानेही उपस्थित केल्याचे माझ्या कानी आलेले नाही. देवाच्या रंगाविषयी एवढे औदार्य दाखविणाऱ्या याच गावात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांना काळारामाच्या बंद दारासमोर सत्याग्रहास बसावे लागले, हेही तितकेच खरे. देवाचा वर्ण कोणताही चालला. भक्ताचा मात्र चालला नाही. 'वर्ण' या एकाच शब्दात रंग आणि जात हे दोन्ही अर्थ आपल्या भाषेने कोंबून ठेविले आहेत, ते उगीच नव्हे. आज ज्या वाङ्मयीन प्रश्नाची चर्चा करावयाची आहे, त्याचे मूळ या दोन अर्थांच्या गुंतागुंतीत आहे, म्हणून ही प्रस्तावना.

आपल्या आवडत्या ग्रंथातील पात्रे उचलावी आणि त्यांस घेऊन आपली स्वतःची कथा रचावी, या वाचकांच्या हौसेस इंग्रजीत 'फॅन फिक्शन' असे नाव पडले आहे. या लेखनात गेल्या अर्धशतकात एक प्रवृत्ती विशेष बळावली. मूळ लेखकाने ज्या पात्रास एका वंशाचे मानले, त्यास वाचकाने दुसऱ्या वंशाचे करावयाचे; ज्याचे प्रेम स्त्रीवर दाखविले, त्याचे पुरुषावर दाखवावयाचे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रमालिकेतील कर्क आणि स्पॉक या दोन सहकाऱ्यांस प्रियकर कल्पून लिहिलेली एक छोटी कथा १९७४ साली एका हौशी पत्रिकेत छापली गेली, तेव्हापासून अशा कथांचा ओघ थांबलेला नाही. २०१६ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या नाटकात हॅरी पॉटरच्या कथेतील हर्मायनीची भूमिका नोमा डुमेझवेनी या कृष्णवर्णीय नटीस देण्यात आली, तेव्हा केवढा गदारोळ उठला, हे वाचकांस स्मरत असेल. मराठीत या दोन क्रियांस रूढ नावे नाहीत. मी त्यांस वर्णांतर आणि भावांतर असे म्हणतो.

यावर आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून दोन मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांच्या मते ही विटंबना होय. व्यासवाल्मीकींनी जे लिहिले त्यास हात लावण्याचा अधिकार कोणास नाही. तरुणांच्या मते पात्राचा वर्ण वा भाव बदलला की एक मोठे न्यायाचे कार्य पार पडले. पुढे कथा कशी का असेना. मला ही दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. पहिल्यात नवी कथा वाचण्याचा आळस आहे, दुसऱ्यात जुनी वाचण्याचा. मी हे अधिकारवाणीने लिहीत आहे असे मात्र कोणी समजू नये. कारण पहिल्या प्रकारचा आळस मी स्वतः केलेला आहे, आणि त्याची कबुली देणे हा या लेखाचा एक हेतू आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी माझ्याकडे दोन कथा आल्या. पहिली जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी पाड्यावरून शिकावयास आलेल्या एका विद्यार्थिनीची. तिची नायिका शूर्पणखा. ती राक्षसी नव्हे, दंडकारण्यातील रानात वाढलेली एक सावळी स्त्री. आणि ती आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगते. दुसरी कथा एका विद्यार्थ्याची. विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन काढलेले वर्ष हेच अर्जुनाच्या आयुष्यातले एकमेव खरे वर्ष होते, बाकीचे सारे सोंग, अशी त्याची कल्पना. कथेखाली त्याने बारीक अक्षरांत लिहिले होते की, छापल्यास नाव घालू नये. मी दोन्ही कथा 'मूळ संहितेस धरून नाहीत' असा शेरा मारून परत केल्या. विद्यार्थी काही न बोलता वही घेऊन गेला. विद्यार्थिनीने मात्र विचारले, "सर, आपण आम्हांला 'झुंझारराव' शिकविले. ते मूळ संहितेस धरून आहे का?" मी काहीतरी उत्तर दिले, काय दिले ते आठवत नाही, यावरूनच ते किती लंगडे असेल याची कल्पना यावी.

प्रश्न मात्र मनातून गेला नाही. मूळ संहिता म्हणजे तरी काय? अर्जुनाच्या त्या वर्षाचेच उदाहरण घ्या. अर्जुन स्वर्गात गेला, उर्वशी त्याच्यावर अनुरक्त झाली, त्याने तिला मातेसमान मानून नकार दिला, तेव्हा तिने क्रोधाने त्यास षंढ होण्याचा शाप दिला. ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९३३ ते १९६६ या काळात सिद्ध केली, तीत हा प्रसंग मुख्य संहितेत नाही. तो परिशिष्टात टाकलेला आहे. तो मागाहून कोणी घातला. कोणी आणि का? मला वाटते, त्या अज्ञात सूतास विराटपर्व सांगताना अडचण वाटली असावी. गांडीवधारी वीर आपण होऊन षंढाचा वेष पत्करतो, बांगड्या भरतो, अंतःपुरात नृत्य शिकवितो. हे त्यास शापावाचून पटेना. म्हणून त्याने शाप निर्माण केला. म्हणजे ज्या कथेस आपण मूळ म्हणून कवटाळतो, तीच एका वाचकाने आपल्या मनाच्या समाधानासाठी रचलेली पुरवणी आहे! माझ्या विद्यार्थ्याने तोच प्रश्न घेऊन दुसरे उत्तर शोधले, तेव्हा मी त्यास संहितेचे स्मरण करून दिले.

वर्णांतराचे तर याहून जुने आणि याहून ठसठशीत उदाहरण आपल्या घरातच आहे. मराठीची पूर्वज जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्या जैन परंपरेतील रूपात विमलसूरीने 'पउमचरिय' नावाचे रामायण इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत रचले. त्याच्या आरंभीच श्रेणिक राजास शंका येते की, राक्षस मांस खात, वानरांनी बलाढ्य राक्षसांस जिंकले, या गोष्टींवर शहाण्याने विश्वास कसा ठेवावा? मग कथा सांगितली जाते ती अशी की, राक्षस हे नरभक्षक नव्हेत आणि वानर हे माकडे नव्हेत. ही दोन्ही विद्याधरांची, म्हणजे विद्यासंपन्न माणसांची, कुळे होत. वानर हे केवळ त्यांच्या ध्वजावरचे चिन्ह. एवढेच करून कवी थांबत नाही. वंश बदलला, तेव्हा कथेची जबाबदारीही बदलली. रामाने अहिंसेस बाध आणू नये म्हणून रावणाचा वध लक्ष्मणाच्या हातून होतो. शूर्पणखा येथे चंद्रनखा होते. तिचा पुत्र शंबूक वेळूच्या बेटात खड्गप्राप्तीसाठी तप करीत असता लक्ष्मणाच्या हातून नकळत मारला जातो, आणि पुत्राचा शोध घेत आलेली ती शोकाकुल माता त्या दोघा बंधूंस पाहून मोहित होते. तिचे नाक कोणी कापीत नाही. ही कथा कोणास रुचो अथवा न रुचो, एक गोष्ट नाकारता येत नाही: वर्णांतर करणाऱ्याने ते शेवटपर्यंत पेलले आहे. नव्या वंशाबरोबर नवे दुःख, नवा अपराध, नवे प्रायश्चित्त आले आहे.

अर्वाचीन काळी जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हेच शस्त्र उचलले. विष्णूच्या अवतारकथा म्हणजे बाहेरून आलेल्यांनी येथील भूमिपुत्रांस जिंकल्याचा वृत्तांत, असा त्यांनी अर्थ लावला, आणि पाताळात घातलेल्या बळीस शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून परत वर आणले. हा ग्रंथ त्यांनी निग्रोंच्या दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, यावरून आपण वंशाचा प्रश्न हाताळीत आहोत याची जाणीव त्यांस किती स्पष्ट होती हे दिसते. इतिहास म्हणून त्यांची व्युत्पत्ती सर्वत्र टिकेल असे नाही. पण दिवाळीच्या पाडव्यास ज्या घरांतून बळीचे राज्य येवो अशी ओवाळणी होते, त्या घरांस ती कथा कोणाची हे त्यांनीच प्रथम विचारावयास शिकविले. त्यांस त्या काळी किती शिव्या खाव्या लागल्या, हे सांगावयास नकोच.

आता याच्या शेजारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०७ सालचे 'कीचकवध' ठेवा. प्रसंग पुन्हा विराटनगरीचाच. नाटकात कर्झनसाहेबाचे नावही नाही. तथापि कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे परतंत्र भारतमाता, संयम शिकविणारा धर्म म्हणजे नेमस्त पक्ष आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, हे पिटातल्या प्रेक्षकासही पहिल्या अंकातच उमगत असे. सरकारला ते उमगले तेव्हा १९१० साली नाटकावर बंदी आली. मत्स्यदेशाच्या सेनापतीस येथे सरळ इंग्रज केले आहे. वर्णांतर याहून स्पष्ट ते काय असावयाचे? तरीही व्यासांच्या कीचकावर अन्याय झाला, अशी तक्रार आमच्या सुशिक्षित वर्गाने केली नाही. उलट खाडिलकरांच्या प्रतिभेची वाहवा केली, आणि ती योग्यच होती. पण मग फुल्यांचा बळी आणि खाडिलकरांचा कीचक यांस आम्ही निरनिराळी मापे का लाविली? सोयीचे वर्णांतर झाले की ती प्रतिभा, आणि गैरसोयीचे झाले की लगेच मूळ ग्रंथाची आठवण! मी माझ्या विद्यार्थिनीच्या वहीवर जो शेरा मारला, त्याची शाई याच दौतीतली होती.

मग सर्वच वर्णांतरे सारखी मानावयाची काय? मुळीच नव्हे. येथेच टीकाकाराचे काम सुरू होते, आणि त्यासाठी विद्यार्थिनीने नाव घेतलेल्या 'झुंझारराव' नाटकाकडेच वळले पाहिजे. शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' मराठीत १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी भाषांतररूपाने आणिला. १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचे 'झुंझारराव' हे रूपांतर केले, आणि गणपतराव जोशी यांच्या अभिनयाने ते महाराष्ट्रभर दुमदुमले. देवलांची भाषा सहज, प्रसंगांची गुंफण कौशल्याची. त्यांच्या नाट्यगुणांविषयी वाद नाही. परंतु ऑथेल्लोचा झुंझारराव झाला की काय होते ते पाहा. व्हेनिसच्या दरबारात तो मूर उपरा आहे. त्याची तलवार त्यांस हवी आहे, पण त्याचा जावई म्हणून स्वीकार करावयाचा प्रसंग येताच त्याचा काळा वर्ण आठवतो. ते वैषम्य त्याच्या स्वतःच्या मनातही शिरलेले असते; म्हणूनच इयागोचे विष इतक्या लवकर चढते. आपली पत्नी आपल्यावर प्रेम करते, हे त्यास मुळातच अशक्यप्राय वाटत असते. नायकाचे नाव, भाषा आणि सरदारकी आपल्यातली झाली की त्याच्या काळेपणाचा कितीही उल्लेख राहो, तो एका व्यक्तीचा रंग होतो, एका वंशाचे प्राक्तन राहत नाही. उरतो तो संशय. म्हणूनच दोन पिढ्यांच्या मराठी प्रेक्षकांनी हे नाटक नवऱ्याच्या मत्सराचे नाटक म्हणून पाहिले व त्यात काही उणे आहे असे त्यांस वाटले नाही. आमच्याच नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांनी पुढे त्याच नाटकाकडे वळताना शीर्षकातच 'ऑथेल्लो' हे परके नाव कायम ठेविले; 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट' करणाऱ्या लेखकाने येथे तसे केले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. काही पात्रांचे परकेपण हाच त्यांचा प्राण असतो. तो काढून घेतला तर नाव राहते, पात्र जाते.

यातून पहिली कसोटी हाती लागते. वर्ण बदला अथवा भाव बदला, त्या बदलाचे परिणाम कथेच्या हाडामांसापर्यंत पोचले पाहिजेत. कपडे बदलावे तसा वर्ण बदलला आणि पात्र पूर्वीसारखेच चालत बोलत राहिले, तर तो बदल पुरोगामी असो वा सनातनी, वाङ्मयदृष्ट्या निष्फळ होय.

या कसोटीवर आमच्या कर्णकथा घासून पाहिल्या म्हणजे थोडा विचार पडतो. शिरवाडकरांचे 'कौंतेय' १९५३ चे, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची, रणजित देसाई यांची 'राधेय' १९७३ ची. सूतपुत्र म्हणून झालेल्या अवहेलनेचे दुःख या कृतींनी घराघरांत पोचविले. जातीच्या अपमानाविषयी मध्यमवर्गीय वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याचे मोठे कार्य केले. तथापि त्या अश्रूंत एक गोम आहे. कर्ण मुळात क्षत्रिय आहे, सूर्याचा पुत्र आहे, हे वाचकास पहिल्या पानापासून ठाऊक असते. रत्न चुकून उकिरड्यावर पडले, याची हळहळ वाटते. उकिरडा म्हणावयाचे कशास, हा प्रश्न मनात उठत नाही. अधिरथ आणि राधा यांच्या पोटी जन्मलेली मुले खरीखुरी सूतपुत्र होती. सावंतांनी शोणास निवेदकाचा मान दिला, हा त्यांचा मोठेपणा. पण त्या शोणाचीही दृष्टी अखेर कर्णावरच खिळलेली. ज्याच्या अंगावर कवचकुंडले नाहीत अशा सारथ्याच्या मुलाचे दुःख स्वतःच्या बळावर उभे करणारे वर्णांतर अजून व्हावयाचे आहे.

आता भावांतराकडे वळू. येथे आपल्या कुटुंबांस अधिक संकोच वाटतो, हे मी जाणतो. परंतु हा विषय परदेशातून आला, असे म्हणणाऱ्यांनी उद्योगपर्वाचा शेवट एकदा वाचावा. द्रुपदाची कन्या शिखंडिनी पुत्र म्हणून वाढविली जाते. दशार्ण देशाच्या राजकन्येशी तिचे लग्न लावण्यात येते. सत्य कळताच सासरा सैन्य घेऊन चालून येतो. ती प्राणत्यागासाठी रानात जाते, आणि तेथे स्थूण नावाचा यक्ष दयेने आपले पुरुषत्व तिला देऊन तिचे स्त्रीत्व आपण घेतो. पुढे कुबेराच्या शापाने त्या यक्षास शिखंडीच्या मृत्यूपर्यंत तसेच राहावे लागते. व्यासांनी ही कथा थट्टेने सांगितलेली नाही. लपविलेल्या जन्माची भीती, आईबापांची कुचंबणा, परक्याने दाखविलेली करुणा, हे सारे तीत आहे. थट्टा नंतर आपण केली; 'शिखंडी' ही शिवी मराठीने बनविली, महाभारताने नव्हे.

आणि ज्या रंगभूमीचा आम्हांस एवढा अभिमान, तिचे वैभव तरी कशावर उभे होते? बालगंधर्वांची 'मानापमाना'तील भामिनी आणि 'एकच प्याला'तील सिंधू पाहून महाराष्ट्राने प्रेम काय ते ओळखले. पुरुषाने घातलेली नथ, नेसलेला शालू, घेतलेला मुरका यांचे अनुकरण कुलीन स्त्रियांनी केले. पुरुष आणि स्त्री यांच्यामधली ती रेषा नाट्यगृहात रोज रात्री पुसली जात होती व आमचे आजोबा तिकीट काढून ती पुसलेली पाहत होते. त्यांस हे समजत नव्हते असे नव्हे. ते त्यास कला म्हणत होते. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' लिहून स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री रंगभूमीवर आणिली, तेव्हा मात्र सोंग संपले आणि माणूस समोर आला. म्हणून प्रेक्षक बिचकले. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रेम हा गुन्हा नव्हे असा निर्णय दिला. कायद्याची भीती गेली. पण कथेखाली नाव घालू नये असे जो विद्यार्थी लिहितो, त्यास न्यायालयाचे भय नसते; घरच्या ओसरीचे असते, आणि माझ्यासारख्या शिक्षकाचेही.

भावांतर करणाऱ्याने पुरावा कोठून आणावा, याचा उत्तम धडा इरावतीबाई कर्वे यांनी १९६७ साली 'युगान्त'मध्ये घालून दिला आहे. धर्मराज हा विदुराचा पुत्र असावा, अशी धक्कादायक शंका त्यांनी मांडली. पण ती हवेत मांडली नाही. विदुराचे पांडवांवरील विशेष ममत्व, आणि अंतकाळी त्याने योगबळाने युधिष्ठिराच्या देहात केलेला प्रवेश, अशा संहितेतल्याच खुणा एकत्र करून वाचकापुढे ठेविल्या, आणि निर्णय त्याच्यावर सोपविला. याहूनही मोलाचे त्यांनी जे केले ते द्रौपदीवरील लेखाच्या अखेरीस. महाप्रस्थानाच्या वाटेवर पडलेल्या द्रौपदीच्या मनात अखेरच्या क्षणी भीमाविषयी काय आले असेल, हे रेखाटण्याचा मोह त्यांस आवरला नाही. परंतु तसे करण्यापूर्वी त्यांनी वाचकास स्पष्ट बजावले की, येथवर संहितेच्या आधारे लिहिले, येथून पुढे माझी 'नरोटी'. नाथांच्या वापरातला हा शब्द. नरोटी म्हणजे खोबरे काढून घेतलेली नुसती करवंटी. किती हा प्रामाणिकपणा, आणि किती ही नम्रता! गंमत अशी की, ती करवंटीच पुष्कळ वाचकांच्या स्मरणात अधिक राहिली.

ही माझी दुसरी कसोटी. व्यासांचे कोठे संपते व आपले कोठे सुरू होते, ती सीमा लेखकाने स्वतः ओळखावी आणि वाचकापासून लपवू नये. ज्याने ही सीमा दाखविली, त्याच्यावर विटंबनेचा आरोप टिकत नाही. कारण त्याने मूळ मूर्ती फोडलेली नाही, शेजारी आपली मूर्ती बसविली आहे. इंग्रजीत जीन ऱ्हिस या लेखिकेने १९६६ साली 'वाइड सारगॅसो सी' या कादंबरीत हेच केले. 'जेन एअर'मध्ये माळ्यावर कोंडलेली, वेडी, बाहेरच्या बेटावरून आणलेली पहिली बायको केवळ एक भयाण हास्य म्हणून येते. ऱ्हिसने तिला बालपण दिले, वेगळे नाव दिले, वेस्ट इंडीजमधील गोऱ्या-काळ्यांच्या मधोमध सापडलेले घर दिले. मूळ कादंबरीतील आग तिने विझविली नाही. ती का लागली ते दाखविले. त्यानंतर 'जेन एअर' वाचणाऱ्यास माळ्यावरची पावले निराळी ऐकू येतात. चांगल्या पुनर्कथनाची हीच खूण की, ते वाचून झाल्यावर मूळ ग्रंथ पुन्हा काढून वाचावासा वाटतो.

या दोन कसोट्या घेऊन मी यंदा त्या दोघांकडून वह्या मागवून घेतल्या. दोघेही आता महाविद्यालय सोडून गेले आहेत. विद्यार्थिनीने वही पाठविताना एक शब्दही लिहिला नाही. तो तिचा अधिकार होता. कथा वाचण्यापूर्वी मी वाल्मीकींचे अरण्यकांड उघडले. शूर्पणखा पर्णकुटीपाशी येते तेथे कवीने तिला रामाच्या शेजारी उभे करून एकेक अवयव ताडून पाहिला आहे: तो सुमुख, ती दुर्मुखी, तो विशालाक्ष, ती विरूपाक्षी, त्याचे केश सुंदर, तिचे तांबडे. कंबनाच्या तमिळ रामायणात तीच मोहक रूप घेऊन येते. म्हणजे ती कुरूप की सुंदर, याविषयी कवींतही एकमत नाही. त्यापुढचा भाग मात्र मी कित्येक वर्षे वाचला असून वाचला नव्हता. ती आपली इच्छा उघडपणे सांगते. राम तिला लक्ष्मणाकडे पाठवितो, लक्ष्मण पुन्हा रामाकडे. ती थट्टा तिला कळत नाही, कारण तिला ती भाषाच ठाऊक नाही. संतापून ती सीतेवर धावते, तेव्हा राम म्हणतो की, अशा क्रूर अनार्यांशी परिहास करू नये. आणि मग शस्त्र चालते. म्हणजे थट्टा झाली होती, ही गोष्ट वाल्मीकींनी रामाच्याच तोंडून नोंदवून ठेविली आहे.

माझ्या विद्यार्थिनीची सारी कथा त्या एका परिहासाच्या उंबऱ्यावर उभी आहे. तिच्या शूर्पणखेच्या रानात मनात आले ते बोलून दाखविण्यात लाज नसते, आणि नको असेल तर समोरच्याने 'नको' म्हणावयाचे असते. दोघे पुरुष हसत हसत तिला इकडून तिकडे पाठवितात, तेव्हा ती त्यास होकार समजते. सीतेवर धावल्याचा दोष ती झाकीत नाही. नाक गेल्यावर ती रानात परत येते, तेव्हा तिला विचार पडतो तो एवढाच की, ते दोघे हसले का? ज्या पाड्यांवरून ही मुलगी आली तेथे बोहाड्याच्या रात्री देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे एकाच मशालीच्या उजेडात, एकाच गल्लीतून नाचत जातात. पाहणारी मुले दोहोंसही भितात व दोहोंसही हात जोडतात. तिच्या कथेतला समतोल तेथून आला असावा. तिने रामास खलपुरुष केलेले नाही. तिने फक्त नाशिक हे नाव ज्या घावावरून पडले असे आपण सांगतो, तो घाव ज्या चेहऱ्यावर झाला, त्या चेहऱ्याकडे पाहिले आहे.

विद्यार्थ्याची कथा त्या मानाने कच्ची आहे, हे सांगितले पाहिजे. दया म्हणून स्तुती करणे हाही अपमानच. बृहन्नडेचे पायांत चाळ बांधणे, पहिल्यांदा मोकळा श्वास घेणे, हे त्याने विलक्षण हळुवारपणे लिहिले आहे. पण पुढे भाव बदलूनही कथा बदलत नाही. द्रौपदी त्याच राजवाड्यात सैरंध्री होऊन राबत आहे. तिला हे कळते की नाही? सुभद्रेचे काय? आणि उत्तरेचे काय? वर्ष संपल्यावर विराट आपली कन्या अर्जुनास देऊ करतो, तेव्हा तिने आपल्यावर पित्याप्रमाणे विश्वास टाकला असे सांगून तो तिला स्नुषा म्हणून स्वीकारतो. एवढा मोठा दरवाजा व्यासांनी उघडा ठेविला असता लेखक त्याच्यासमोरून तसाच निघून गेला. मी त्यास हे सारे सविस्तर कळविले आहे. जे चार वर्षांपूर्वी सांगावयास हवे होते ते हेच होते. 'संहितेस धरून नाही' हा शेरा सोपा होता. 'उत्तरेस विसरलास' असे सांगण्यासाठी कथा वाचावी लागली असती.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, अशाने उद्या कोणीही काहीही लिहील. लिहू द्यावे. ज्यात परिणाम पेललेले नाहीत आणि सीमा पाळलेली नाही, ते आपोआप गळून पडते. उर्वशीच्या शापाची कथा टिकली, विमलसूरीचा राम टिकला. न टिकलेली पुनर्कथने किती झाली असतील, त्यांची नावेही उरली नाहीत. ग्रंथाचे रक्षण काळ करतो. टीकाकाराने आणि आईबापांनी वाचण्याचे तेवढे करावे. आपल्या घरातला मुलगा अथवा मुलगी अशी एखादी कथा लिहून समोर ठेवील, तेव्हा वर्ण बदलला की भाव बदलला याची दचक क्षणभर बाजूस ठेवून, बदलल्यानंतर काय काय बदलले हे विचारावे. कदाचित त्या बदललेल्या पात्रात लिहिणाराच उभा असेल, आणि आपण ओळखतो की नाही हे पाहत असेल.

विद्यार्थिनीची कथा यंदाच्या वार्षिकात तिच्या नावानिशी येत आहे. विद्यार्थ्याने आपली पुन्हा लिहावयास घेतली आहे असे कळविले. नावाविषयी त्याने अजून काही लिहिलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.